तक्रार वहीत लिहिली आहे!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. के.जी.पासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठीत बोललं तर एक रुपया दंड होता आणि माझ्या मैत्रिणी मला 'बँक' म्हणायच्या, इतका मी भरलाय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने दुरुस्त केल्या असतील तर त्यांचे आभार, राहिल्या असतील तर त्या माझ्या. इंग्रजी विभागात लिहिणं सोपं होतं. पण हा लेख ज्यांनी वाचावा असं मला वाटतं, त्यात आपल्या होस्टेलच्या मावशी आणि वायरमनकाका पण आहेत. म्हणून मराठीत.

विषय आहे शिडाची बोट. हसू नका! शेवटी तो आपल्या होस्टेलच्या गीझरपर्यंत येणार आहे.

गेल्या मे महिन्यात मी गोव्याला मावशीकडे गेले होते. मावशीच्या यजमानांचे एक जुने स्नेही मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झालेत. ते आणि त्यांच्या पत्नी ऑक्टोबर ते मे ३४ फुटी फायबरग्लासच्या शिडाच्या बोटीवर राहतात आणि पावसाळ्यात रत्नागिरीच्या घरी. मे महिन्यात बोट पाण्याबाहेर काढून तिची डागडुजी करायची असते. त्यांना मदतीला कुणीतरी हवं होतं. मावशीने परस्पर सांगून टाकलं, "आमची भाची मेकॅनिकलला आहे, तिला पाठवते." झालं! डोळ्यांवर गॉगल, हातात नारळपाणी आणि समोर सूर्यास्त असं चित्र डोक्यात घेऊन मी निघाले.

पहिल्या दिवशी काकांनी माझ्या हातात टॉर्च दिला आणि म्हणाले, "चल, चक्कर मारू."

ही चक्कर म्हणजे त्यांचं रोज सकाळचं काम. चहाच्या आधी. आधी फळी उचलून बोटीच्या तळात पाहायचं. त्या खोलगट जागेला बिल्ज म्हणतात. बोटीत कुठूनही पाणी, तेल, डिझेल गळलं की ते शेवटी तिथे येतं. काका तिथे हात घालतात, ओला झाला तर बोट जिभेला लावतात. खारं असेल तर समुद्र आत येतोय, गोडं असेल तर टाकी किंवा नळी गळतेय. त्यांच्याकडे सगळी मीटर्स आहेत, पण या तपासणीला जीभ! मग बोटीच्या बुडाला जिथे जिथे भोक आहे (सिंकचं, टॉयलेटचं, इंजिनच्या थंड पाण्याचं) तिथला व्हॉल्व्ह पाहायचा. महिन्यातून एकदा प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून बंद करायचा, नाहीतर तो जाम होतो आणि नेमका हवा तेव्हा फिरत नाही. प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी मऊ लाकडाची एक निमुळती गुडदी दोरीने बांधलेली असते. व्हॉल्व्ह तुटलाच तर ती भोकात ठोकायची. शोधत बसायला वेळ नसतो म्हणून ती तिथेच बांधलेली.

मग बॅटरीचं व्होल्टेज. मग इंजिनचं तेल आणि पट्टा. मग वर डेकवर जाऊन डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा. त्यावर ते कापसाचा बोळा फिरवतात. तारेचा एखादा धागा तुटला असेल तर कापूस अडकतो. डोळ्याला दिसत नाही ते कापसाला कळतं. मग दोर कुठे घासतोय का, शिडाची शिवण उसवतेय का. उन्हाने शिडाचं कापड नाही तरी दोरा आधी मरतो, हे मला त्या दिवशी कळलं. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. मग एका दोनशे पानी वहीत नोंद आणि मग चहा.

इंजिन सुरू केलं की काका लगेच मागे जाऊन खाली वाकतात. मला वाटलं काही पडलं का. तर एक्झॉस्टमधून पाणी बाहेर पडतंय का ते बघत होते. समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड करणारा जो पंप असतो त्यात रबराचं छोटं चक्र, इम्पेलर असतं. पाणी अडलं की ते कोरडं फिरून थोड्या वेळात फाटतं आणि मग इंजिन तापतं. मागे वाकून बघायला दोन सेकंद लागतात.

काकूंची स्वतःची वेगळी चक्कर होती. पुठ्ठ्याचा एकही खोका त्या बोटीवर येऊ देत नाहीत, कारण त्याच्या घड्यांमध्ये झुरळांची अंडी येतात. भाजी किनाऱ्यावरच धुऊन पुसून पिशवीतून येते. दर आठवड्याला गाद्या उभ्या करून कपाटं उघडी टाकतात, नाहीतर बुरशी. स्वयंपाक झाला की गॅस शेगडीवर नाही, सिलेंडरवर बंद. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून थोडाफार तरी निघून जाऊ शकतो, बोटीत त्याला जायला जागाच नाही, तो बिल्जमध्ये साठून राहतो. मग एक ठिणगी पुरे. हे काकूंनी मला शिकवलं. त्या बी.ए. मराठी आहेत.

तिसऱ्या दिवशी बोट बाहेर काढली आणि माझा सूर्यास्त संपला. पुढचे पाच दिवस मी बोटीच्या बुडाला चिकटलेले बार्नेकल्स खरवडत होते. शिंपल्यासारखे टणक, धारदार प्राणी. बुडाला खास विषारी रंग लावतात तो याच्यासाठी. तरी वर्षभरात ते येतातच आणि बोटीचा वेग खातात. खरवडायचं, मास्क लावून पॉलिशपेपर मारायचा, परत रंग. माझ्या हाताला आलेले फोड मी इंजिनिअरिंग ड्रॉइंगलाही कधी पाहिले नव्हते.

तिथे प्रोपेलरच्या शाफ्टवर एक झिजलेला, खड्डे पडलेला धातूचा गोळा होता. मी म्हटलं, "काका, हे तर खराब झालंय." ते हसले. "खराब व्हायलाच ठेवलंय. झिंक आहे. काय शिकवतात तुम्हाला?" मित्रांनो, सॅक्रिफिशियल अॅनोड! फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत हा प्रश्न मी पाच मार्कांसाठी पाठ केला होता, आकृतीसकट, आणि पाच मार्क मिळाले पण होते. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की एक झिजतो. तो ब्राँझचा प्रोपेलर असू नये म्हणून त्याहून लवकर झिजणारं जस्त लावायचं आणि ते साधारण अर्धं संपलं की बदलायचं. मी उत्तर लिहिलं होतं, वस्तू पाहिली नव्हती.

काकांकडे पुस्तकांचं एक फळकूट होतं. त्यातून मला सुहेली नावाच्या बोटीची गोष्ट कळली. ३२ फुटांची ही सागवानी बोट १९६० च्या दशकात आपल्या मुंबईत बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत त्या बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. त्या स्पर्धेत नऊ जण निघाले होते, पूर्ण केली फक्त त्याने. आता तो हिरो कसा वाटतो? डोलकाठीला टेकून क्षितिजाकडे बघणारा? प्रत्यक्षात तो बराच वेळ काहीतरी दुरुस्त करत होता. भर समुद्रात बुडाच्या फळ्यांतून पाणी यायला लागलं, तर हा पाण्यात बुडी मारून फटींत कापूस ठासत होता, वर कॅनव्हासची पट्टी आणि त्यावर तांब्याचा पत्रा ठोकत होता. एकदा चार्जिंग इंजिनच्या मॅग्नेटोची गॅप सेट करायची होती आणि फीलर गेज सापडेना. त्याने पुस्तकाची पानं मोजली. २०० पानं म्हणजे एक इंच, म्हणजे एक पान पाच थाऊ. जितके थाऊ हवेत त्याला पाचने भागायचं, तितकी पानं! मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये फीलर गेज नाही म्हणून आमच्या बॅचने प्रॅक्टिकल 'पुढच्या आठवड्यात' ढकललं होतं, ते आठवून मी गप्प बसले.

आपल्याकडचीही उदाहरणं आहेत आणि ती गोव्यातच बांधलेल्या बोटींची आहेत. म्हादेई ही बोट दिवाडी बेटावरच्या यार्डात तयार झाली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये, तेही कुठे न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच यार्डातल्या तारिणीवरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ ला परत आल्या. शेवटच्या टप्प्यात स्टिअरिंगमध्ये बिघाड झाला म्हणून त्यांना मॉरिशसला थांबावं लागलं. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तीच तारिणी पुन्हा पृथ्वीभोवती नेली. पेपरात आपण फोटो पाहिले ते निघतानाचे आणि परत येतानाचे, सॅल्यूट आणि हारांचे. मधल्या महिन्यांत बोटीवर प्लंबर, वायरमन, शिंपी, स्वयंपाकी कोण होतं? त्याच. अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये २३६ दिवसांनी दुसरे आले. त्या प्रवासात सुकाणू सांभाळणारी विंडव्हेन मोडली तेव्हा त्यांनी टॉयलेटचा दरवाजा कापून तिच्यासाठी भाग बनवले. (आपल्या होस्टेलमध्येही काही टॉयलेटना दरवाजे नाहीत, पण त्याचं कारण इतकं उदात्त नाही.)

आता होस्टेलकडे वळते.

मे महिना संपवून मी परत आले. आमच्या मजल्यावरच्या बाथरूममधल्या गीझरचं पाणी घेताना हाताला मुंग्या यायच्या. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून. यावर आपण काय केलं? नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला प्रेमाने सांगितलं, "तिथे चप्पल घालून आंघोळ कर हं." ही आपली इंजिनिअरिंग! तिथे राहणाऱ्या ३२ मुलींपैकी सात इलेक्ट्रिकलच्या आहेत. तक्रार वही काढून बघितली. गीझरबद्दल अकरा नोंदी, त्यातली एक माझी. सुंदर अक्षरात, सुंदर इंग्रजीत, "किंडली डू द नीडफुल". ती लिहून मी मोकळी झाले होते. तक्रार वहीत लिहिली आहे! आता माझी जबाबदारी संपली.

मला एकदम काकांची वही आठवली. त्यांच्याही वहीत नोंदीच होत्या. पण त्यांची वही बोट तरंगती ठेवण्यासाठी होती आणि आमची वही 'आम्ही सांगितलं होतं' हे दाखवण्यासाठी.

मी वायरमनकाकांना शोधायला गेले. तीन बिल्डिंग आणि स्टाफ क्वार्टर्स मिळून ते एकटे आहेत, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ते म्हणाले, "ताई, वही माझ्यापर्यंत येतच नाही. ती ऑफिसात असते." संध्याकाळी येऊन त्यांनी मेन बंद केला, गीझरचं झाकण उघडलं. अर्थिंगची वायर टर्मिनलमधून निघालेली होती. एक स्क्रू! दहा मिनिटांचं काम. सात-आठ महिने आम्ही चप्पल घालून आंघोळ करत होतो आणि आमच्यात आणि एखाद्या वाईट बातमीत एका स्लिपरच्या जाडीचं अंतर होतं. हे लिहिताना मला हसू येत नाही.

त्याच रात्री आम्ही गळणाऱ्या नळाखाली १५ लिटरची बादली ठेवली. रात्री दहाला ठेवली, सकाळी सहाला काठोकाठ. म्हणजे दिवसाला ४५ लिटर. काका-काकूंच्या बोटीवर ३०० लिटरची टाकी आहे आणि दोघांना रोज २० लिटर लागतं, म्हणजे १५ दिवस. आमचा एक नळ ती टाकी आठवड्याच्या आत संपवेल, कुणी पाणी न पिता. पंख्याचंही गणित केलं. बोटीच्या बॅटरीतून ते रोज जास्तीत जास्त १०० अँपिअर-अवर वापरतात, १२ व्होल्टला १२०० वॉट-अवर. त्यात दिवे, फ्रिज, रेडिओ, पाण्याचा पंप सगळं. आपला पंखा ७५ वॉटचा. शनिवारी दुपारी घरी गेलेल्या मुलीच्या कुलूपबंद खोलीत चालू राहिलेला पंखा १६ तासांत त्या बोटीची दिवसभराची वीज खातो. ती रविवारी रात्री परत येईपर्यंत जवळजवळ दोन दिवसांची.

आता तुम्ही म्हणाल (आणि आमच्या मजल्यावर म्हणालेच), "आम्ही मेंटेनन्स फी भरतो. दुरुस्ती करणं मॅनेजमेंटचं काम आहे." शंभर टक्के मान्य. उद्या कुणी आमच्या या लेखाचा आधार घेऊन एक वायरमन कमी केला तर मी स्वतः ऑफिससमोर बसेन. तीन बिल्डिंगला एक माणूस ही आधीच शरमेची गोष्ट आहे. आणि मुलींनी गीझर उघडावा असंही मी म्हणत नाही. ज्याचं काम त्यानेच करावं, विजेचं तर नक्कीच. माझं म्हणणं एवढंच की बघणं आणि नेमकं सांगणं हे काम राहणाऱ्याचं आहे. बोट ज्याची असेल त्याची असो, पाणी आलं तर आत असलेल्याचे पाय ओले होतात. काकांचं एक वाक्य मी जर्नलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: "वादळाने बोट बुडते ती क्वचित. 'उद्या बघू'ने रोज बुडते."

यामागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती लिहायला मला जड जातंय. आपल्याला डिझाइन करायचं असतं. रोबोट, ड्रोन, स्टार्टअप! मेंटेनन्स म्हटलं की नाक मुरडतो. प्री-प्लेसमेंट टॉकमध्ये 'प्लँट मेंटेनन्स' शब्द आला की मागच्या बाकांवर मोबाईल बाहेर निघतात. हे कुठून येतं ते मला माहीत आहे, कारण मी त्यातलीच आहे. माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. त्यांनी ओव्हरटाइम करून मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं, मी पाना हातात धरू नये म्हणून. आणि आठवीत शाळेच्या फॉर्मवर 'फादर्स ऑक्युपेशन' समोर मी लिहिलं, 'इंजिनिअर'. बाबांनी तो फॉर्म वाचला, काही न बोलता सही केली. गाडी यार्डातून निघण्याआधी चाकाचे नट हातोडीने ठोकून आवाज ऐकणारा माणूस आणि कापसाचा बोळा तारेवरून फिरवणारे काका एकच काम करतात, हे कळायला मला गोव्यापर्यंत जावं लागलं. त्या बसमधले पन्नास जण घरी पोचतात तेव्हा पेपरात काही छापून येत नाही. न घडलेल्या अपघाताची बातमी होत नाही. मेंटेनन्सला मान नाही, तो बहुतेक त्यामुळेच.

ऑगस्टपासून आमच्या विंगमध्ये पाच जणींनी रविवारची चक्कर सुरू केली आहे. वीस मिनिटं, टॉर्च, वही. खोटं कशाला बोलू, सबमिशनच्या दोन आठवड्यांत चक्कर बंद पडली होती आणि नेमकी त्याच आठवड्यात गच्चीवरची टाकी रात्रभर वाहिली. पण आतापर्यंत चार नळांचे वॉशर, एक उघडा जॉइंट आणि मेसच्या गॅसची कडक होऊन चिरलेली रबरी नळी सापडली. ती नळी बदलली त्या दिवशी मेसच्या मावशींनी आम्हाला पाचही जणींना जास्तीची पुरणपोळी वाढली. इंजिनिअरिंगमधली माझी ही पहिली कमाई.

रेक्टर मॅडम आणि सरांकडे माझ्या चार मागण्या आहेत. एक, तक्रार वहीत नुसती तक्रार नको. कधीपासून, नेमकं कुठे, काय दिसलं, कुणी दुरुस्त केलं, कोणत्या तारखेला, असे रकाने हवेत आणि वही वायरमनकाकांच्या हातात रोज गेली पाहिजे. दोन, प्रत्येक मजल्यावर वॉशर, टेफ्लॉन टेप असल्या किरकोळ सामानाची एक पेटी. तीन, वर्कशॉपच्या विषयात आपण लाकडाचा एक जॉइंट बनवतो आणि वर्षाअखेरीस तो भंगारात जातो. त्याऐवजी होस्टेलच्या मोडक्या खिडक्या आणि खाटा जॉब म्हणून द्या, मार्क द्या. आणि चार, फर्स्ट इयरच्या इंडक्शनमध्ये इतके पाहुणे येतात, त्यात एक तास वायरमनकाकांना द्या. गीझरचं अर्थिंग त्यांच्याइतकं सोपं करून मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आपल्या कोकणातले कोळी दरवर्षी मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठाकठीक करतात, रंगवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. आधी डागडुजी, मग नारळ. आपण मात्र गॅदरिंगला भिंती रंगवतो आणि मागची गळती तशीच ठेवतो.

गेल्या आठवड्यात प्लेसमेंट सेलचा फॉर्म भरला. तो रकाना परत होताच. या वेळी लिहिलं, 'मेकॅनिक, एसटी वर्कशॉप.' बाबांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "बरं. तुझ्या त्या गीझरचं काय झालं?"

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यापाशी. मुलांच्या होस्टेलने आपली चक्कर वेगळी सुरू करावी, आमची वही नमुना म्हणून देऊ. येताना टॉर्च आणा. चहा नंतर.

— टी.ई. (मेकॅनिकल), मुलींचे वसतिगृह